हायलँडर आणि सस्पेन्स अकाउंट

एका रुपयाचा फरक निघाला, तरी आम्हा कॅशवाल्यांची घरी जायची पंचाईत होते. ज्यूली गार्वुड या अमेरिकन लेखिकेच्या हिशेबात मात्र चांगला जवळजवळ पाचशे वर्षांचा फरक आहे! ‘द ब्राइड’ (१९८९) घडते बाराव्या शतकाच्या तोंडाशी, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले तिचे गडी आपापल्या कुळाचं चौकड्यांचं कापड मिरवतात. ते लपेटून पट्ट्याने आवळायची तऱ्हा इतिहासात दिसते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. कुळागणिक ठरलेले चौकडे तर त्याहून अलीकडचे.

पण वाचक म्हणजे काही ऑडिटर नव्हे. ‘द सीक्रेट’ (१९९२) पाहा. इंग्लंडची ज्युडिथ शत्रूच्या मुलखात जाते ती लग्नासाठी नव्हे, मैत्रिणीच्या बाळंतपणासाठी! त्या मैत्रिणीची आई आणि आजी, दोघी बाळंतपणातच गेलेल्या. म्हणजे थट्टामस्करी चालते ती मरणाच्या उंबऱ्यावर. म्हणून तर ती पोकळ वाटत नाही. नायक इयान मेटलंड कुळाचा म्होरक्या, हुकूम सोडायची सवय असलेला. ज्युडिथपुढे त्याचे हुकूम चेकसारखे न वटता परत येतात.

सासर म्हणजे परका मुलूख, हे आपल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांतून कधीच सांगून ठेवलंय. त्या मुलखातला सर्वांत दांडगा पुरुष तलवार बाजूला ठेवून बायकोचं म्हणणं ऐकतो, याहून अद्भुत ते काय? त्यापुढे पाचशे वर्षं म्हणजे किरकोळ रक्कम. ती सस्पेन्स अकाउंटला टाकावी आणि खुशाल पुढचं पान उलटावं!