माळ्याची मुलगी आणि महालातले भूत

जुन्या कृष्णधवल भयपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे गाण्यांविषयी असते. संगीतकार कोण, गायिका कोण, नायिका किती देखणी होती, एवढ्यावर लेख संपतो. या चित्रपटांनी प्रेक्षकाला घाबरवले कसे, आणि मुळात कोणाची भीती दाखवली, हा प्रश्न बाजूलाच राहतो. आपल्या समाजात तर या चित्रपटांकडे पाहण्याची आणखी एक ठरलेली रीत आहे. पडद्यावर ओसाड हवेली, झुंबर, कमानी दिसल्या की आपण हळहळतो. गेलेल्या वैभवाची, गेलेल्या तहजीबची आठवण काढतो. ही हळहळ खोटी नाही, पण ती जरा तपासून पाहायला हवी असे मला वाटते. त्यासाठी कमाल अमरोहींचा ‘महल’ हा सर्वांत योग्य चित्रपट आहे.

‘महल’ ऑक्टोबर १९४९मध्ये प्रदर्शित झाला. बॉम्बे टॉकीजची निर्मिती, अशोककुमार नायक, मधुबाला नायिका. कमाल अमरोहींचे दिग्दर्शक म्हणून हे पहिलेच काम. या तारखेकडे मराठवाड्यातल्या वाचकाने लक्ष द्यावे. सप्टेंबर १९४८मध्ये पोलिस ॲक्शन होऊन निजामाची राजवट संपली. १५ ऑगस्ट १९४९पासून हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या कायद्याने रद्द झाल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी हा चित्रपट आला. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानाचा भाग होता. पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या परिसरातल्या गढ्या आणि वाडे त्या काळात एका रात्रीत पडले नाहीत. मात्र त्यांचा अधिकार गेला. भिंती उभ्या आणि हुकूम संपलेला, अशी ती अवस्था. ‘महल’ची कथा अलाहाबादच्या यमुनाकाठची आहे, आपल्याकडची नाही. पण रिकाम्या महालात नवा मालक येतो आणि जुन्या मालकाची सावली त्याला सोडत नाही, ही गोष्ट त्या वर्षी साऱ्या देशाला कळणारी होती.

कथा थोडक्यात अशी. हरिशंकर महालात राहायला येतो. बागेचा माळी त्याला जुनी हकिगत सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी महाल बांधणारा माणूस मध्यरात्री नावेतून येई आणि त्याची प्रेयसी कामिनी दिवसभर त्याची वाट पाहत असे. एका वादळी रात्री नाव बुडाली. पुढे कामिनीही मेली. शंकरला महालात त्या माणसाची तसबीर सापडते आणि ती हुबेहूब त्याच्यासारखी असते. मग रात्री एका स्त्रीचे गाणे ऐकू येऊ लागते. ती कधी झोपाळ्यावर दिसते, कधी नावेत, आणि जवळ गेले की नाहीशी होते.

छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग हे जर्मन. १९३४मध्ये बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हापासून ते तिच्याशी जोडलेले. प्रकाशापेक्षा अंधार जास्त बोलतो, हे जर्मन मूकपटांनी १९२०च्या दशकात जगाला शिकवले होते. ‘नोस्फेराटू’ (१९२२) पाहणाऱ्याला भिंतीवरून जिना चढणारी सावली विसरता येत नाही. विर्शिंग ती विद्या हिंदी चित्रपटात वापरतात, पण सावलीला नखे फुटू देत नाहीत. ‘महल’मधला अंधार अंगावर येत नाही, तो माणसाला आत बोलावतो. शंकर घाबरून पळत नाही, उलट त्या अंधाराच्या मागे जातो. हे भय वेगळ्या जातीचे आहे. म्हणूनच हा चित्रपट दिवसाउजेडी, मोबाइलच्या लहान पडद्यावर पाहण्यात अर्थ नाही. तिथे काळ्या रंगाच्या छटा एकमेकांत मिसळून जातात. रात्री, दिवे मालवून, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा.

आता मुख्य मुद्दा. कमाल अमरोही चित्रपटभर पुनर्जन्माचा आभास उभा करतात आणि शेवटी तो स्वतःच मोडतात. कोर्टात सत्य बाहेर येते. कामिनी नावाचे भूत नव्हतेच. ती माळ्याची मुलगी आशा होती. लहानपणापासून तिने महालाची गोष्ट ऐकली होती आणि महालाच्या मालकावर जीव जडवला होता. मधल्या एका प्रसंगात ‘कामिनी’ शंकरला सुचवते, की घुंघटात वावरणाऱ्या त्या माळ्याच्या मुलीचा चेहरा पाहा आणि पसंत पडला तर तिच्याशी लग्न कर. पहिल्यांदा पाहताना हा भुताचा चमत्कारिक हट्ट वाटतो. शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा पाहा, आणि प्रसंगाचा अर्थच पालटतो. एक मोलकरीण मालकाला विनवते आहे की एकदा माझ्याकडे बघ. पण हे ती मोलकरीण म्हणून बोलू शकत नाही. मालकाच्या नजरेत भरायचे तर तिला आधी भूत व्हावे लागते.

या चित्रपटातली खरी भयकथा माझ्या मते हीच आहे.

गंमत म्हणजे पडद्यामागेही तेच घडले. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातले ते सर्वांत गाजलेले गाणे गाणाऱ्या लताबाईंचे नाव सुरुवातीच्या तबकडीवर नव्हते. तिथे पात्राचे नाव छापले होते, कामिनी. आवाज घराघरांत पोहोचला आणि गाणारी अदृश्य राहिली. श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी केली तेव्हा कुठे नाव पुढे आले.

चित्रपटातली दुसरी घाबरलेली स्त्री म्हणजे शंकरची बायको रंजना. तिच्या वाट्याला भूत नाही. तिच्या वाट्याला साप-वटवाघळांची ओसाड जागा आणि मनाने दुसरीकडेच असलेला नवरा आहे. ती शेवटी विष घेते. कामिनीच्या गाण्यांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी रंजनावर चार ओळीही लिहू नयेत, हे आपल्या समीक्षेचे उणेपण आहे. अर्थात चित्रपटातही दोष आहेत. उत्तरार्ध लांबतो, कोर्टातली भाषणे नाटकी होतात, पत्राने उलगडणारा शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. आशाला बोलायला जागा मिळते तीही आरोपांच्या गर्दीत.

‘महल’ नंतरचे चित्रपट याच वाटेने गेले. ‘महल’चे संकलन करणाऱ्या बिमल रॉय यांनी १९५८मध्ये ‘मधुमती’ काढला. कथा ऋत्विक घटकांची. तिथे भूत खरे आहे, आणि ते येते साक्ष द्यायला. राजा उग्रनारायणाच्या गुन्ह्याला जिवंत साक्षीदार उरत नाही, म्हणून मेलेल्या पहाडी मुलीलाच यावे लागते. ‘बीस साल बाद’ (१९६२) मध्ये भुताआड जमीनदाराच्या अत्याचाराचा सूड आहे. ‘वह कौन थी?’ (१९६४) मध्ये भुताआड वारशाची लालसा आहे. मराठीत राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून केलेल्या ‘पाठलाग’ (१९६४) मध्येही मेलेली बायको परत आल्याचा पेच कोर्टात पोहोचतो. जिन्न, आसेब, साया हे शब्द आपल्या घरांत आजही उच्चारले जातात. हे चित्रपट त्या शब्दांची टिंगल करत नाहीत. ते एवढेच विचारतात, की साया पडला आहे तर तो कोणाचा?

आपण मराठी मुसलमानांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. पडद्यावरच्या हवेलीसाठी हळहळताना आपण नकळत स्वतःला शंकरच्या जागी बसवतो. पण आपल्यापैकी किती जणांचे पूर्वज हवेलीचे मालक होते? बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, कसाब या बिरादऱ्यांची माणसे हवेलीत गेली ती माल घेऊन किंवा कामाला. त्यातही बागवान म्हणजे तर बागेचा राखणदारच. ‘मधुमती’चे नायक दिलीपकुमार हे फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. पुढे महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीच्या व्यासपीठावर ते उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्याला हीच आठवण करून दिली होती. आपला समाज म्हणजे नवाबांचा समाज, हे चित्र सिनेमाने रंगवले आणि आपणही ते भिंतीवर टांगले. त्या तसबिरीत चेहरा आपला नाही.

म्हणून ‘महल’ पुन्हा पाहावा. या वेळी झुंबराकडे कमी आणि घुंघटातून तबक घेऊन येणाऱ्या मुलीकडे जास्त लक्ष द्यावे. जहागिरी संपल्याचे दुःख सांगणाऱ्या कहाण्या आपल्याकडे खूप आहेत. त्याच जहागिरीच्या बागेत पाणी घालणाऱ्यांच्या कहाण्या अजून लिहायच्या आहेत. कमाल अमरोहींनी १९४९मध्ये त्यांतली एक पडद्यावर आणली होती. फक्त ती सांगायला त्यांना भुताची सोबत घ्यावी लागली. आपल्या लेखकांना आता तेवढीही गरज नाही.