दम, धाप आणि श्वसनवृद्धी : व्यायामविषयक मराठी परिभाषेची चिकित्सा

व्यायामाने शरीरात काय घडते हे सांगणारे मराठी गद्य दोन निरनिराळ्या भाषांत लिहिले जाते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. पहिली भाषा तालमीची व घरादाराची. तीत दम लागतो, घाम सुटतो, पोटरीत गोळा येतो, अंग आंबते आणि मग मोकळे होते. दुसरी भाषा पाठ्यपुस्तकाची. तीत श्वसनदरात वृद्धी होते, हृत्स्पंदनाची गती वाढते, स्नायूंत दुग्धाम्ल संचित होते. पहिली भाषा अशास्त्रीय व दुसरी शास्त्रीय, अशी विभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रथम व्याकरणाचा विचार करू. ‘तो जोर काढतो’, ‘ती धावते’ या वाक्यांत व्यायाम करणारी व्यक्ती प्रथमेत असते. ती कर्ता होय. परंतु शरीराचा प्रतिसाद सांगू लागताच हीच व्यक्ती चतुर्थीत जाते : त्याला धाप लागते, तिला घाम येतो, त्याला गोळा येतो. कृती माणसाची, प्रतिसाद मात्र माणसाला होणारा, हा भेद मराठी वाक्यरचनेने काटेकोरपणे राखला आहे. ‘दम’ हा शब्द तेवढा ही सीमा ओलांडतो. दम लागतो, त्याप्रमाणेच दम धरताही येतो, राखताही येतो. धाप मात्र कोणी राखू शकत नाही. ती केवळ लागते. श्वसन ही अनैच्छिक असूनही काही अंशी इच्छेच्या ताब्यात येणारी क्रिया आहे, ही वस्तुस्थिती या दोन शब्दांच्या वाटणीत नेमकी उतरली आहे. ‘श्वसनदरात वृद्धी होते’ या वाक्यात हा भेद तर नाहीच, शिवाय ती वृद्धी कोणाला जाणवते, तो माणूसही वाक्यातून नाहीसा झाला आहे.

याचा अर्थ पाठ्यपुस्तकाची भाषा निरुपयोगी आहे, असा नव्हे. जे अनुभवास येत नाही ते सांगण्याचे सामर्थ्य तिच्यातच आहे. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. जोराच्या व्यायामात निरोगी तरुणाच्या ठिकाणी हेच प्रमाण २० ते २५ लिटरपर्यंत जाते. पचनसंस्थेकडे व मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा वाटा त्या वेळी कमी होऊन स्नायूंकडे वळतो. ‘दम संपला’ या प्रयोगाने मात्र श्वास हा जणू कणगीतल्या धान्यासारखा साठा आहे, अशी कल्पना होते. वस्तुतः निरोगी माणसाला धाप लागलेली असतानाही त्याच्या रोहिणीतील रक्तात प्राणवायूचे प्रमाण बहुधा फारसे घटलेले नसते. मर्यादा येते ती प्रायः रक्त स्नायूंपर्यंत पोहोचविण्याच्या हृदयाच्या क्षमतेमुळे. नियमित व्यायामाने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून अधिक रक्त बाहेर पडू लागते. म्हणून तेच काम कमी ठोक्यांत होते. हे ज्ञान ‘दम’ या शब्दातून मिळाले नसते. येथे परिभाषेचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

अनुभव आणि शास्त्र यांची सांगड घालण्याचा प्रयत्न प्राचीन ग्रंथांत आढळतो. सुश्रुत व वाग्भट यांनी आपल्या निम्म्या शक्तीने व्यायाम करावा, असा दंडक घालून दिला आहे. ही निम्मी शक्ती ओळखण्याची खूण म्हणून सुश्रुतसंहितेत हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे हे लक्षण दिले आहे. लक्षण करणाऱ्यालाच कळावे, अशी ही योजना आहे. श्रम वाढत गेले म्हणजे एका मर्यादेनंतर नाकाने होणारे श्वसन अपुरे पडून तोंड उघडते, हे आजही मान्य आहे. तथापि सुश्रुतांची ‘अर्धशक्ती’ म्हणजे प्राणवायूच्या कमाल ग्रहणाचा नेमका ५० टक्के भाग, असे विधान करणे हा प्राचीनांचा गौरव नसून त्यांच्यावर न मोजलेले मोजमाप लादणे होय. या मोहापासून व्यायामविषयक लेखनाने दूर राहावयास हवे.

असाच मोह ‘अंग आंबणे’ या प्रयोगाच्या बाबतीत होण्याचा संभव आहे. आंबणे म्हणजे आम्लता येणे. व्यायामात स्नायूंत दुग्धाम्ल तयार होते. म्हणून लोकभाषेला हे रहस्य आधीच ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु चुकीचे आहे. श्रमाने वाढलेले दुग्धाम्ल साधारण तासाभरात मूळ पातळीवर येते. अंग आंबल्याची वेदना मात्र २४ ते ७२ तासांत तीव्र होते. सिंहगड चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. कारण उतरताना भार पेलणारे स्नायू ताणले जात असतात व त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुग्धाम्ल हेच कारण असते, तर चढणच अधिक दुखावयास हवी होती. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच या वेदनेचा संबंध स्नायूतील सूक्ष्म विदारणाशी जोडला होता. येथे लोकभाषेची चूक नाही. ती केवळ वेदनेचे वर्णन करते. चूक आहे ती त्या वर्णनाला कारणमीमांसा समजणाऱ्याची. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबीत शिकविणे या अर्थाचा, आणि आरंभीच्या आठवड्यांत वाढणारे बळही बव्हंशी मज्जासंस्थेच्या शिक्षणाचे फळ असते. हा योग मनोहर आहे. पण व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे.

लोकभाषा जेथे खरोखर दिशाभूल करते, असे स्थळ म्हणजे ‘घाम गाळणे’. या प्रयोगाने घाम हे श्रमाचे मोलच ठरविले. त्यातून जितका घाम तितकी चरबी वितळली, ही समजूत दृढ झाली. स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण चतुर्थांशच भाग कामी येतो व उरलेल्याची उष्णता होते. ती घालविण्यासाठी घाम येतो, आणि शरीर थंड होते ते घामाचे बाष्प झाल्याने. कोकणच्या दमट हवेत अंगावरून निथळणारा घाम पुष्कळ असूनही गारवा थोडा देतो. देशावरच्या कोरड्या हवेत न दिसता उडून गेलेला घामच अधिक उपयोगी पडतो. म्हणजे जो गाळला तो बव्हंशी वाया गेला. घाम येऊन तत्काळ घटलेले वजन हे पाण्याचे असते, आणि पाणी पिताच ते भरून येते.

या चर्चेचे महत्त्व केवळ शब्दांपुरते नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेसाठी ६ ते २० अंकांची श्रेणी तयार केली. निरोगी तरुणाने सांगितलेल्या अंकाची दसपट ही स्थूलमानाने त्याच्या हृदयगतीच्या जवळ येते. या श्रेणीतील विषम अंकांपुढे शब्द आहेत आणि मोजमापाचा सारा भार त्या शब्दांवर आहे. हृदयविकारानंतर पुन्हा चालू-फिरू लागलेल्या रुग्णांच्या व्यायामात तिचा वापर होतो. हृदयगती मंदावणारी औषधे चालू असली, तर नाडीवरून श्रमाचा अंदाज नीट बांधता येत नाही. अशा वेळी रुग्णाच्या तोंडचा शब्दच वैद्याला आधार असतो. त्या रुग्णापुढे ‘किंचित श्रमप्रद’, ‘श्रमप्रद’, ‘अतिश्रमप्रद’ अशी संस्कृतप्रचुर उतरंड ठेवली, तर तो आदबीने मधला शब्द निवडील. थांबावयाची वेळ मात्र निघून गेलेली असेल. ‘बोलता येते आहे का, की शब्दागणिक दम लागतो आहे?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर खरे येईल.

म्हणून व्यायामविषयक परिभाषेने कामाची वाटणी स्पष्ट करावयास हवी. कारणे व परिमाणे सांगताना शास्त्रीय संज्ञा अपरिहार्य आहेत. लक्षणे सांगताना मात्र लोकभाषेतील शब्दांना संज्ञेची प्रतिष्ठा द्यावी, त्यांच्या छटा निश्चित कराव्यात, आणि त्यांच्याकडून कारणमीमांसेची अपेक्षा करू नये. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’सारखा अनेक खंडांचा प्रकल्प ज्या भाषेत सिद्धीस गेला, त्या भाषेत सामग्रीची उणीव नाही. उणीव आहे ती आखाड्यातील शब्द ऐकून तो तपासून घेणाऱ्या कोशकाराची. ‘धाप’ आणि ‘दम’ यांत भेद करणारा मल्ल ज्या सूक्ष्मतेने बोलतो, तितकी सूक्ष्मता ‘श्वसनवृद्धी’ला येईपर्यंत तिने त्याची जागा घेऊ नये.