बांद्र्याच्या पलीकडचे फलंदाज

१६ मे २०२५ रोजी वानखेडे स्टेडियममधल्या एका स्टँडला अजित वाडेकरांचं आणि दुसऱ्याला रोहित शर्माचं नाव मिळालं. दोघेही मुंबईचे फलंदाज, दोघेही भारताचे कर्णधार. आकडे शेजारी ठेवले तर वाद तिथेच मिटल्यासारखा वाटतो. वाडेकर ३७ कसोटी, २११३ धावा, सरासरी ३१.०७, शतक एकच. रोहित ६७ कसोटी, ४३०१ धावा, सरासरी ४०.५७, शतकं १२. पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १५,३८० धावा काढणारे, १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून देणारे वाडेकर या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत. ते हेल्मेटशिवाय खेळत होते आणि पोटासाठी स्टेट बँकेत नोकरी करत होते, हेही त्यात दिसत नाही.

मुंबईच्या फलंदाजीबद्दल एक तक्रार जुनी मंडळी वर्षानुवर्षं करत आली आहेत. पूर्वीचे दिवसभर उभे राहायचे, आताची पोरं विकेट फेकतात. ही तक्रार तपासून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. मात्र ती तक्रार करणाऱ्यांच्या मनात असते ती नव्हे.

आधी जुन्या काळाबद्दल. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४ आहे आणि कारकीर्द लांब असलेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे फक्त ब्रॅडमन. पण त्या काळातल्या सगळ्याच खेळपट्ट्या फलंदाजाची परीक्षा घेणाऱ्या नव्हत्या. १९४८-४९ च्या रणजी उपांत्य सामन्यात पुण्यात मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा! कुर्ल्यात वाढलेला सर्फराज खान फेब्रुवारी २०२४ मध्ये कसोटीत उतरला तेव्हा त्याची प्रथम श्रेणी सरासरी सत्तरच्या जवळ होती आणि ‘रणजीतल्या धावा स्वस्त असतात’ असं त्याला वारंवार ऐकावं लागलं होतं. हाच निकष मर्चंटना लावण्याचं धाडस कुणी करत नाही. लावायचा तर दोघांनाही लावावा.

खरा बदल नकाशावर झाला. सुनील गावस्कर ताडदेवच्या चिखलवाडीत वाढले आणि माटुंग्याच्या दादर युनियनकडून खेळले. दिलीप वेंगसरकरही दादर युनियनचेच. समोर शिवाजी पार्क जिमखाना, आणि या दोन क्लबांच्या सामन्याला कसोटीसारखी धार. ऐंशीच्या दशकातही केंद्र तेच होतं. बांद्रा पूर्वेच्या साहित्य सहवासात राहणाऱ्या सचिन तेंडुलकरला क्रिकेटसाठी शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात जावं लागलं. नंतर गिरण्या बंद पडल्या, दादर-परळमधली घरं परवडेनाशी झाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबं उत्तरेकडे सरकत गेली. त्यांच्याबरोबर क्रिकेटही सरकलं. रोहित बोरिवलीचा, सूर्यकुमार यादव चेंबूरच्या अणुशक्तीनगरचा, अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा, पृथ्वी शॉ आणि आयुष म्हात्रे विरारचे, शार्दूल ठाकूर तर थेट पालघरचा.

मैदानं मात्र सरकली नाहीत. आझाद, क्रॉस, ओव्हल आणि शिवाजी पार्क जिथे होती तिथेच राहिली. पाठीवर किटबॅग घेऊन पहाटेची विरार लोकल पकडणारा मुलगा नेट्सवर पहिला चेंडू खेळण्याआधीच दीड-दोन तास झगडून आलेला असतो. जिद्दीच्या बाबतीत ही पिढी मागच्यांपेक्षा उणी आहे, असं म्हणणाऱ्याने एकदा सकाळी साडेसातला बोरिवलीच्या फलाटावर उभं राहून पाहावं. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी शार्दूलचा हा प्रवास वाचावा म्हणून त्याला बोरिवलीतल्या आपल्याच घरी ठेवून घेतलं होतं.

रोहितची घडण याच लाडांच्या हाताखाली झाली. आई-वडील डोंबिवलीत एका खोलीत राहत होते, म्हणून तो बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. १९९९ मध्ये काकांच्या पैशावर शिबिरात गेला, तो ऑफस्पिनर म्हणून. लाडांनी त्याला स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये यायला सांगितलं, फी परवडणार नव्हती म्हणून शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि पुढे त्याची फलंदाजी पाहून सलामीला पाठवलं. पूर्वी मुलगा दादरच्या शाळेत आणि दादरच्या क्लबात पोहोचला तरच नजरेत भरायचा. रोहितच्या वेळी उपनगरातली एक शाळा आणि एक प्रशिक्षक एवढं भांडवल पुरलं.

त्याच रोहितने नोव्हेंबर २०१४ मध्ये ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध एकट्याने २६४ धावा काढल्या. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर, इंग्लंडच्या ३३४ धावांचा पाठलाग करताना, गावस्कर १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले होते. हे दोन डाव समोरासमोर ठेवून पिढ्यांचा निवाडा करणं अन्यायाचं आहे. १९७५ मध्ये भारताने एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही खेळले नव्हते. २०१४ मध्ये दोन्ही टोकांकडून वेगळे नवे चेंडू होते, वर्तुळाबाहेर पाचऐवजी चारच क्षेत्ररक्षक आणि हातात जाड कडांची बॅट. बॅटी इतक्या जाडजूड झाल्या होत्या की २०१७ मध्ये कडेची जाडी ४० मिलिमीटरवर रोखणारा नियम करावा लागला. उलट बाजूने पाहिलं तर १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा काढणाऱ्या गावस्करांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आजच्या कुठल्याही फलंदाजाला ती परीक्षा द्यावी लागत नाही.

सूर्यकुमार तर वेगळ्याच शाळेचा. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जाणारे त्याचे फटके शिवाजी पार्कच्या नेट्सवर कुणी शिकवले नसते. शिकवले काय, तिथे मारू दिले नसते. लहानपणी सिमेंटच्या खेळपट्टीवर रबरी चेंडूने खेळताना ते जमले, असं तोच सांगतो. एक बाजू आखूड, चेंडू उसळून छातीवर येणार, मग तो मागेच वळवायचा. उपनगरातल्या वसाहतींच्या आवारातलं हे क्रिकेट आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत चार शतकं करून गेलं. हे नवं कौशल्य आहे आणि जुन्या पिढीकडे ते नव्हतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. त्याच सूर्यकुमारच्या वाट्याला आजवर कसोटी एकच आली, हेही त्याच्या शेजारीच लिहायला हवं.

आता टिकून राहण्याबद्दल. २०२३-२४ च्या रणजी उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आले. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३, शेवटच्या जोडीची भागी २३२. दहाव्या-अकराव्या दोघांनी एकाच डावात शतक करणं याआधी फक्त एकदा घडलं होतं, १९४६ मध्ये लंडनच्या ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुते बॅनर्जी यांच्याकडून. उपांत्य फेरीत तमिळनाडूने मुंबईची अवस्था ७ बाद १०६ केली, तेव्हा शार्दूलने १०९ धावा काढल्या. अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने ४२ वा रणजी करंडक घेतला, आणि संघाचा कर्णधार होता डोंबिवलीचा रहाणे. ‘आताची पोरं विकेट फेकतात’ या तक्रारीला यापेक्षा स्वच्छ उत्तर नाही.

खरी उणीव वेगळी आहे आणि ती बोचणारी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध जिंकायला १४७ धावा हव्या होत्या. भारत १२१ मध्ये आटोपला आणि मालिका ०-३ अशी गेली. सामन्यात ११ बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू एजाज पटेल मुंबईतच जन्मलेला, जोगेश्वरीतून लहानपणी आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. रोहितच्या धावा १८ आणि ११, सर्फराजच्या शून्य आणि एक. फिरकी खेळण्यात मुंबईची पोरं जगाला भारी, हा विश्वास त्या दिवशी घरच्याच मैदानावर खोटा पडला. १९८७ मध्ये बंगळुरूच्या भिंगरीसारख्या वळणाऱ्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध गावस्करांनी शेवटच्या डावात ९६ धावा केल्या होत्या. तोही सामना भारत १६ धावांनी हरला, पण तो डाव आजही फिरकी कशी खेळावी याचा धडा मानला जातो.

ती कला क्लब क्रिकेटमध्ये मुरत होती. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले, १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेत तमिळनाडूला गुंडाळलं, तरी कसोटी एकही मिळाली नाही. भारतीय संघाचं ते नुकसान झालं, पण मुंबईच्या फलंदाजांचा फायदाच झाला, कारण हा माणूस शिवाजी पार्क जिमखान्याकडून त्यांना स्थानिक सामन्यांत खेळावा लागायचा. १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगमध्ये पावसाळी, न झाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून यायचा किंवा एकदम उडायचा. टाइम्स शील्डमध्ये गोरेगावच्या निर्लॉनसारख्या कंपन्यांचे संघ उतरायचे. गावस्कर आणि संदीप पाटील निर्लॉनमध्येच नोकरीला होते आणि नवख्या पोरांना त्यांच्या शेजारी उभं राहून खेळता यायचं.

हा सहवास आता तुटला आहे. मोठे खेळाडू दौऱ्यांत आणि आयपीएलमध्ये अडकलेले असतात. अंधेरी-मालाडपासून मुलुंडपर्यंत दिव्यांच्या उजेडात तासाच्या भाड्याने मिळणारी जाळीबंद कृत्रिम टर्फ झाली आहेत. तिथे चेंडू ना वळत ना थांबत, त्यामुळे पायांना काही शिकायला मिळत नाही. बांद्रा-कुर्ला संकुलात आणि कांदिवलीत मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या सोयी आहेत, पण लाखो मुलांच्या उपनगरांना मातीच्या खेळपट्ट्या याहून कितीतरी जास्त हव्यात. त्यासाठी महापालिकेची मोकळी मैदानं वाचवून तिथे वर्षभर खेळपट्टी राखणारी माणसं नेमावी लागतील. पैशाअभावी हे अडलंय, असं मुंबईबाबत म्हणता येणार नाही.

आयुष म्हात्रेकडे म्हणूनच लक्ष ठेवावंसं वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने बांद्रा-कुर्ला संकुलात महाराष्ट्राविरुद्ध रणजीत १७६ धावा केल्या. मे २०२५ मध्ये बंगळुरूत आयपीएलमध्ये त्याने ४८ चेंडूंत ९४ केल्या. दिवसभराचा संयम आणि तासाभराची आतषबाजी हे दोन्ही विरारच्या या मुलात आहे. आता त्याला दिवसाआड एखादा शिवलकर समोर मिळायला हवा, पावसाने भिजलेल्या आणि न झाकलेल्या खेळपट्टीवर.