गुप्तविद्या आणि पोथीचें प्रमाण

श्रीमती ब्लाव्हाट्स्कींचा ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ हा १८८८ सालचा ग्रंथ ज्या ‘झ्यान’नामक पोथीवर उभारला आहे, तिची मूळ प्रत अद्याप उजेडांत आलेली नाहीं. विचार कितीहि उदात्त असोत. प्रतीवांचून त्यांचें प्राचीनत्व आम्हांस मान्य करतां येत नाहीं.

तथापि ह्याच थिऑसॉफिकल सोसायटीनें १८८६ त अड्यारला ग्रंथालय स्थापून हस्तलिखितें जमविलीं. तिचे मुंबईचे सभासद तुकाराम तात्या यांनीं १८९३ त हठयोगप्रदीपिका इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. गुह्य मानलेला हा ग्रंथ कोणाहि संग्राहकास आपल्या प्रतीशीं ताडून पाहतां येतो. सोसायटीचें खरें ऋण हेंच.

रत्नागिरीच्या दमट हवेंत बासनांतली पोथी फार टिकत नाहीं. ज्यांच्या घरीं योगतंत्राचे ग्रंथ असतील त्यांनीं ते ‘गुप्त’ म्हणून झांकून न ठेवतां नकलून घेऊं द्यावे, अशी आमची विनंति आहे.