निळ्या खुणेचे सैनिक

जॉर्ज लुकासच्या ‘स्टार वॉर्स : द फँटम मेनेस’ (१९९९) मधली शेवटची लढाई मी पुन्हा पुन्हा पाहतो. हिरव्या माळावर ट्रेड फेडरेशनचे रणगाडे जमिनीला न टेकता तरंगत येतात. समोर तिथल्याच गंगन लोकांच्या सैन्यावर ऊर्जेचा घुमट. तोफांचा मारा त्यावर आदळून विझतो. मग मोठ्या वाहनांची तोंडं उघडतात. घडी घालून टांगलेले यंत्रसैनिक बाहेर येतात आणि छत्र्या उघडाव्यात तसे एकदम उलगडतात.

रणगाडा हाकणाऱ्याच्या अंगावर निळी खूण, हुकूम देणाऱ्याच्या पिवळी. सांगाडा मात्र तोच, काटकुळा, लांबुडक्या तोंडाचा. एका रणगाड्यात चौघे : नायक, चालक, दोन तोफची. आपल्या ‘अर्जुन’ रणगाड्यातही चौघेच असतात. पण तिथं चालकाला खालून दिसत नाही ते कमांडर वरून पाहून सांगतो. एकाचा जीव दुसऱ्याच्या शब्दावर असतो. लुकासनं चौघे ठेवले आणि हा विश्वास तेवढा काढून घेतला. मला ती रचना फार धारदार वाटते.

कारण पुढे, दूर अवकाशात, अनाकिन नावाचा पोरगा या साऱ्यांना चालवणारं नियंत्रण जहाज आतून उडवतो. माळावरचे यंत्रसैनिक थरथरतात आणि माना टाकतात.

आमच्या पलूसच्या माणसाला हे नवं नाही. रात्री द्राक्षबागेला पाणी चालू असतं, मोटारी एका सुरात घुमत असतात आणि लाईट जाते. एकेक मोटार बंद पडत नाही, सगळं शिवारच गप्प होतं. स्टार्टरवर हात ठेवावा तर पेटी अजून कोमट. मोटारीत बिघाड काहीच नसतो.

आमच्याच तालुक्यातल्या कुंडलनं याच्या उलट लढाई दाखवली. क्रांतिसिंह नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना. नाना १९४२ ते १९४६ भूमिगत होते, आणि प्रतिसरकारचे न्यायनिवाडे गावोगाव चालूच होते. तिथं उडवायला जहाजच नव्हतं. कुंडल मनात असलं की लुकासचं ते दृश्य अधिक खोल जातं.

माळावरची लढाई थांबल्यावर गंगन सैन्यातला जार जार एका उभ्या यंत्रसैनिकाला हलकेच ढकलतो. त्याच्या हातात बंदूक तशीच असते. तो आडवा होतो.