कडी नसलेले दार

साधेपणाचे कौतुक आपण सहज करतो. त्या साधेपणाने सोय कुणाची झाली, हे मात्र क्वचितच विचारतो. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यांच्या सजावटीवरून २०१० नंतर जो वाद रंगला, त्याचे मर्म मला इथेच दिसते.

पूर्वी पडद्यावर खऱ्या वस्तूंची सोंगे असत. अ‍ॅपलच्या आयपॅडवरील दिनदर्शिकेला चामड्याची शिवण होती. पुस्तके लाकडी फळीवर मांडलेली दिसत. मायक्रोसॉफ्टने २०१० साली ‘विंडोज फोन ७’ काढला आणि हा सारा साज उतरवला. छाया नाही, फुगवटा नाही. सपाट रंग आणि मोठमोठी अक्षरे. या पद्धतीला ‘मेट्रो’ म्हणत. स्थानकांवरच्या पाट्या आणि स्वित्झर्लंडची मुद्रणकला हे तिचे आदर्श. २०१३ साली ‘आयओएस ७’ मध्ये अ‍ॅपलनेही चामडे-लाकूड टाकून सडपातळ अक्षरांची कास धरली.

एक पक्ष म्हणतो, पडदा काचेचा आहे. त्याने चामड्याचे सोंग का घ्यावे? सुरेख अक्षर हाच खरा अलंकार. दुसरा म्हणतो, देखणे आहे खरे, पण बोट ठेवायचे कुठे?

पहिल्या पक्षाचे म्हणणे मला अर्धे पटते. मी शाळामास्तर. फळ्यावरच्या वेलबुट्टीपेक्षा ठळक, सुट्या अक्षरांतले एक वाक्य शेवटच्या बाकापर्यंत लवकर पोचते, हे मी रोज पाहतो. पण फळा नुसता वाचायचा असतो. पडदा वाचायचाही असतो आणि वापरायचाही. ‘पुढे’ हा शब्द वाचण्यासाठी आहे की दाबण्यासाठी, हे आजीने ओळखायचे कसे? भिंतीला रंग झकास दिला आणि दाराची कडीच काढून टाकली, असा हा प्रकार.

याची साक्ष कंपन्यांनीच दिली आहे. २०१२ च्या ‘विंडोज ८’ मधून ‘स्टार्ट’चे बटण गेले, २०१३ साली ते परत आले आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये त्यामागची यादीही परतली. अ‍ॅपलने २०१४ साली, हवे असल्यास बटणांचे आकार दिसावेत, अशी सोय करून दिली.

मुद्रणकलेने हे वळण आधीच पाहिले आहे. यान त्शिखोल्ड या जर्मन मुद्रणकाराने १९२८ साली पुस्तक लिहून अलंकारहीन नव्या मांडणीचा हिरीरीने पुरस्कार केला. तोच गृहस्थ १९४७ ते १९४९ या काळात इंग्लंडातील पेंग्विन पुस्तकांची घडी बसवताना जुन्या वळणाच्या अक्षरांकडे परतला. मला यात माघार दिसत नाही. वाचकाची कदर दिसते.

आपल्या देवनागरीला तर ही कदर अधिकच हवी. तिच्या मात्रा शिरोरेषेवर, उकार पायाशी. अक्षर फार बारीक केले आणि ओळी दाटीने बसवल्या, की वेलांटी-मात्रा एकमेकींत गुंततात आणि चाळिशी लावूनही अर्थ लागत नाही.

तेव्हा अलंकार खुशाल उतरवावेत, कडी मात्र ठेवावी. या दिवाळीत आजोबांच्या हाती नवा फोन द्याल, तेव्हा त्याच्या देखणेपणाचे त्यांच्यापुढे वर्णन करू नका. घंटा वाजली की फोन घ्यायला कुठे दाबायचे, हे त्यांना कुणी न सांगता कळते का, तेवढे शेजारी बसून पाहा.