रजेवरचे कैदी

यिल्माझ ग्युने या कुर्दी चित्रपटकाराचा ‘योल’, म्हणजे ‘वाट’, हा चित्रपट तुरुंगाविषयीचा म्हणून प्रसिद्ध आहे. पाहू जाता तुरुंगाच्या भिंती त्यात फारच थोडा वेळ दिसतात. मार्मारा समुद्रातील इम्राली बेटावरून पाच कैदी थोड्या दिवसांच्या रजेवर सुटतात आणि आपापल्या घरी निघतात, एवढेच कथानक. सणाला घरी जमणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘घरी जाणे’ या शब्दांत भय असेल असे वाटत नाही. ते इथे पदोपदी आहे.

पटकथा ग्युनेने तुरुंगात लिहिली. चित्रण त्याच्या सूचनांबरहुकूम शेरिफ ग्योरेन याने केले. १९८१ च्या ऑक्टोबरात ग्युनेलाही रजा मिळाली, आणि तो परतलाच नाही! चित्रपटाचे संकलन त्याने स्वित्झर्लंडमध्ये केले. १९८२ साली कानच्या महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक ‘योल’ला कोस्ता-गाव्रासच्या ‘मिसिंग’बरोबर विभागून मिळाले.

मात्र ग्युनेला निव्वळ राजकीय हुतात्मा म्हणून ओवाळणे मला रुचत नाही. लेखनाबद्दल तो १९६१ मध्ये तुरुंगात गेला, क्रांतिकारक विद्यार्थ्यांना आसरा दिल्याबद्दल १९७२ मध्ये गेला, हे खरे. पण सर्वांत लांब शिक्षा झाली ती १९७४ मधील एका न्यायाधीशाच्या खुनाबद्दल. त्याचे कैदीही साधुपुरुष नाहीत, आणि चित्रपटाचे बळ नेमके तिथेच आहे.

सय्यद अलीची पत्नी झिने ‘घराण्याला काळिमा लावला’ म्हणून आठ महिने गोठ्यात साखळीने बांधलेली आहे. नवऱ्याने येऊन तिचा निकाल लावावा, ही कुटुंबाची अपेक्षा. तो तिला मारीत नाही. अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फातून चालावयास लावतो, म्हणजे मारण्याचे काम हिवाळ्याने करावे. आणि ती कोसळू लागते तेव्हा त्याचा जीव कळवळतो. तिला झोप लागू नये म्हणून तो पट्ट्याने तिला मारतो, पाठीवर घेतो. तोच पट्टा, तोच हात; पण आता ती जगावी म्हणून! क्रौर्य आणि माया इतकी जवळ आणून ठेवलेली मी पडद्यावर फार क्वचित पाहिली आहेत. सरकारच्या बेड्या सोसणारा पुरुष घरी येऊन स्वतःच तुरुंगाधिकारी होतो, हे आपल्याच लोकांविषयी सांगण्याचे धैर्य ग्युनेपाशी होते. तक्रार एकच: झिनेच्या मनात काय चालले आहे, हे सांगावयास तिला फारशी संधी दिलेली नाही.

मेव्लुतची नियोजित वधूबरोबरची हकीकत किरकोळ आहे. ओमेरची तशी नाही. सीमेवरच्या त्याच्या गावात सैनिक मारलेल्यांची प्रेते आणतात, आणि स्वतःवर संकट येऊ नये म्हणून गावकरी आपल्याच माणसांना ओळखत नाहीत.

ही कुर्दी माणसे पडद्यावर बोलतात मात्र तुर्की. १९८० च्या लष्करी उठावानंतर दियारबाकिरच्या तुरुंगात कुर्दी बोलण्यास बंदी होती. जिला दुसरी भाषाच येत नव्हती अशी आई भेटीच्या वेळी मुलासमोर मुकी उभी राही. हे ठाऊक असले म्हणजे या चित्रपटातील दीर्घ स्तब्धता निराळ्याच ऐकू येतात.

पुढे ग्युनेने फ्रान्समध्ये ‘दुवार’, म्हणजे ‘भिंत’, हा चित्रपट केला. तुरुंगातील मुलांची ही कथा. त्यासाठी एका जुन्या फ्रेंच मठाचा तुर्की तुरुंग बनविण्यात आला. संताप तोच आहे, परंतु ते बर्फ, ती आगगाडी, ती माती नाही, आणि नुसत्या संतापावर दोन तास निघत नाहीत. देश सुटल्याने कलावंताचे काय जाते, ते या दोन चित्रपटांतील अंतरावरून दिसते. १९८३ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, आणि १९८४ मध्ये तो पॅरिसला वारला.

‘योल’ तुर्कस्तानात उघडपणे दाखविला गेला तो १९९९ साली. त्याच वर्षी इम्राली बेटावर कुर्दी पुढारी अब्दुल्ला ओजलान याला आणून ठेवण्यात आले. तेथील इतर सारे कैदी आधीच दुसरीकडे हलविले होते.